धूर, दिवा आणि पीयूसी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत जळगावचं नाव आहे. त्यामुळे गाड्यांचा धूर हा दिल्लीवाल्यांचा विषय म्हणून सोडून देता येत नाही.

पीयूसीचा पाया १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. पद्धत साधी: सायलेन्सरमध्ये नळी घालायची, पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि डिझेलच्या धुराची दाटी मोजायची. जमाना कार्बोरेटरचा होता. चाचणीआधी स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करायचं, पास झालं की पुन्हा होतं तसं. हे कोणत्या गॅरेजला माहीत नव्हतं?

अमेरिकेने १९९६पासून नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं केलं. इंजिनचा संगणक सेन्सर सतत तपासतो आणि बिघाड दिसला की डॅशबोर्डवर 'चेक इंजिन' दिवा लावतो. तिथे अनेक राज्यांत चाचणीला थेट या संगणकालाच वायर जोडतात. दिवा लागलेला असेल तर नापास. कोड पुसून गेलात, तर 'स्वतपासणी अजून पूर्ण नाही' असं संगणकच सांगतो आणि गाडी परत पाठवतात.

आपल्याकडे ओबीडी बीएस-४ सोबत २०१० मध्ये आलं, पण आधी फक्त १३ शहरांत. त्यात मुंबई, पुणे आणि चक्क सोलापूर होतं, जळगाव-धुळे नव्हतं. एमएच-१९ आणि एमएच-१८ला बीएस-४ सक्तीचं व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. २०२०मध्ये बीएस-६ आलं, दुचाकीतही ओबीडी आलं.

गाड्या बदलल्या, पण पीयूसीचा आकडा अजून नळीतूनच निघतो. सिलिंडर अधूनमधून मिस मारत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. चाचणीच्या दोन मिनिटांत ते दिसेलच असं नाही. संगणकाकडे मात्र त्याची नोंद असते.

अर्थात संगणकही खोटं बोलू शकतो. २०१५चं फोक्सवॅगन प्रकरण आठवा, चाचणी ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर होतं ते. शिवाय जुन्या रिक्षा-टेम्पोंत ओबीडीच नाही. म्हणून नळी राहू द्या, पण ज्या गाडीत ओबीडी आहे तिचा कोडही वाचा.

२०१९च्या दुरुस्तीनंतर पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. एवढा दंड घेणाऱ्या सरकारने चाचणीही तेवढीच खरी करावी. नाहीतर आपण कागद घेतोय, हवा नाही.