फितीवरचे हुतात्मे

५ जून १९७० च्या रात्री मुंबईच्या लालबागमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई हरल्या, वामनराव महाडिक निवडून आले आणि शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत पोचला. एवढं कुठल्याही राजकीय इतिहासात सापडतं. खटला चालला, काही जणांना शिक्षा झाली, हेही सापडतं. पण परळच्या ज्या वस्तीनं देसाईंना १९६७ साली निवडून दिलं, तिनं त्यांचा शोक कोणत्या शब्दांत, कोणत्या चालीत केला, हे निकालपत्रात नसतं. ते शोकसभेच्या भाषणात असतं आणि कलापथकाच्या गाण्यात असतं. म्हणून लालबाग-परळच्या या गिरणगावात मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत जे काही ध्वनिमुद्रित झालं आहे, ते हौशी संग्रहाचा माल न मानता इतिहासाचं अस्सल साधन मानून जपलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

कागद आहेत की, मग फिती कशाला, असं कोणी म्हणेल. तर गिरणगावात कागदाची हमी फार कमी आहे. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला, तेव्हा तिथली कागदपत्रंही जाळली गेली. शिवाय जो कागद उरतो, तो अर्धाच बोलतो. अण्णा भाऊ साठ्यांनी १९४६ च्या गोळीबारात पडलेल्या अमळनेरच्या गिरणी कामगारांवर पोवाडा रचला. तो आज छापील वाचता येतो, पण डफावरची थाप, झीलकऱ्यांनी उचलून धरलेला सूर आणि समोर बसलेल्या कामगारांनी कुठल्या ओळीला ‘वन्स मोअर’ मागितला हे छापील पानात उतरत नाही. पोवाड्याचा निम्मा अर्थ तर तिथेच असतो. आणखी एक दुर्दैव असं की, लाल बावटा कलापथकाचे दोन बुलंद आवाज, अण्णा भाऊ आणि अमर शेख, १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सव्वा महिन्याच्या अंतरानं गेले. वर्षभरात देसाईंचा खून झाला, तेव्हा तो गाऊन सांगायला हे दोघे नव्हते.

पुढे काळ पालटला. १० जानेवारी १९७४ ला परळमध्ये दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव ठार झाले. पण त्या दशकात टेपरेकॉर्डर ही अजून श्रीमंतांची किंवा आकाशवाणीची वस्तू होती. ऐंशीच्या दशकात मात्र कॅसेट चाळीत शिरली आणि भीमगीतं, संपातली भाषणं, जयंतीचे कार्यक्रम घरोघरी टेप होऊ लागले. ध्वनिमुद्रण हाताशी असलं की काय होतं, याचा दाखला शाहीर विलास घोगरे यांचा आहे. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात त्यांचं गाणं टिपलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चारच दिवसांनी घोगरेंनी जीव दिला. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट तिथून सुरू झाला आणि पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. बारा वर्षांपूर्वीची ती फीत कुणी पुसली असती, तर या शाहिराच्या आवाजाबाबत आपल्याला ऐकीव वर्णनावरच भागवावं लागलं असतं.

यावरचा वजनदार आक्षेप असा की, ही सगळी प्रचाराची गाणी. त्यात शत्रू काळा, हुतात्मा गोरा. खरं आहे. खून कोणी केला हे ठरवायला पोवाडा साक्षीदार म्हणून उभा करू नये. रमाबाई नगरचा गोळीबार अनाठायी होता हे न्या. गुंडेवार आयोगानं सांगितलं, गाण्यानं नाही. परंतु मारला गेलेला माणूस शेजाऱ्यांना कोण वाटत होता, भीती कुणाची होती, राग कुणावर होता, यासाठी गाण्याइतकी सरळ साक्ष दुसरी नाही. आणि ती बाजूची आहे हे लपलेलंही नसतं. सरकारी पत्रकापेक्षा हा प्रामाणिकपणा बरा. जुन्या जखमा उकरू नयेत, हा दुसरा सल्ला बहुधा ज्यांना जखम झाली नाही त्यांच्याकडून येतो. अमेरिकेत मिसिसिपीत १९६४ साली चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. एडगर रे किलन या आरोपीला शिक्षा झाली ती २००५ साली, आणि त्या खटल्यात १९६७ मधल्या, तोवर मरण पावलेल्या साक्षीदारांच्या जबान्या वाचून दाखवल्या गेल्या. जपलेलं बोलणं जवळजवळ चाळीस वर्षांनी कामाला येतं ते असं. आपल्याकडे तर देसाईंच्या पोटनिवडणुकीनंच दाखवलं होतं की, वस्तीची आठवण एकजिनसी नव्हती. त्यामुळे समोरच्या बाजूच्या सभांच्या कॅसेटही त्याच कपाटात हव्यात.

‘आता सगळं मोबाइलवर आहे’ या समजुतीला फार उत्तर द्यायची गरज नाही. मोबाइलवर आलेली प्रत चौथ्या-पाचव्या हातची, दाबून लहान केलेली, आणि गायक कोण, सभा कुठली याचा पत्ता नसलेली असते. खरा धोका मुंबईच्या दमट हवेचा आहे. माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, आतली फेल्टची गादी सुटते. तशीच मशीनमध्ये घातली तर फीतही जाते आणि मशीनचं हेडही. आधी मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे टवके तोडावेत, म्हणजे चुकून वर दुसरं टेप होत नाही. मग फीत साफ करून, वाजवून, मूळ आवाज न दाबता त्याची प्रत काढावी. कव्हरवर बॉलपेननं लिहिलेलं नाव, तारीख, चाळीचा नंबर यांचा फोटोही तितकाच मोलाचा, कारण त्याच्याशिवाय आवाज अनाथ होतो. मृताच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र काही जाहीर करू नये. एखाद्या शोकसभेतलं रडणं हे सार्वजनिक ऐकण्यासाठी नसतं. टॉवरसाठी खोल्या रिकाम्या करताना या कॅसेट पहिल्यांदा भंगारात जातात, म्हणून सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या नोटिसा लागलेल्या चाळींपासूनच हे काम सुरू व्हायला हवं.