खपली गळते तेव्हां

वाहणारें रक्त थांबविणें हें शल्यवैद्याचें पहिलें काम. पण थांबलेलें रक्त आठ-दहा दिवसांनीं, रोगी घरीं जाऊन हिंडूं-फिरूं लागल्यावर, पुन्हां वाहूं लागलें तर? या दुसऱ्या रक्तस्रावाची मीं सांगणार आहें ती हकीकत मोठ्या आतड्यांतली आहे. परंतु तिचें मूळ फार जुनें आहे.

सुश्रुतानें रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. त्यांत दहन, म्हणजे डाग देणें, सर्वांत शेवटीं. बाकीचे तिन्ही हरल्यावर. युरोपांत मात्र अवयव कापल्यानंतर तापलेलें लोखंड टेकविणें हाच कित्येक शतकें मुख्य उपाय होऊन बसला होता. १५५२ सालीं दांव्हिलेच्या वेढ्यांत आंब्रवाज पारे या फ्रेंच शल्यवैद्यानें एका जखमी माणसाचा पाय कापला आणि डाग न देतां रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधून टाकल्या. डागण्यांत असह्य वेदना तर होतातच, पण पारेचा आणखीहि एक आक्षेप होता. डागलेल्या जागेची खपली गळून पडते, आणि रक्त पुन्हां वाहूं लागतें.

हाच आक्षेप चारशें वर्षांनीं आतड्याच्या आंत पुन्हां खरा ठरावयाचा होता.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधीं कधीं मांसाचे अंकुर फुटतात. डॉक्टर त्यांस पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी राहतात, पण कांहीं जातींचे अंकुर कालांतरानें कर्करोगाचें रूप घेतात. पूर्वीं आतड्याच्या वरच्या भागांतला असा अंकुर काढावयाचा म्हणजे पोट फाडावें लागे. सप्टेंबर १९६९ मध्यें न्यूयॉर्कच्या बेथ इस्राएल रुग्णालयांत हिरोमी शिन्या यांनीं, विल्यम वुल्फ यांच्या सहकार्यानें, लवचीक दुर्बिणींतून तारेचा फास आंत घातला, अंकुराभोवतीं आवळला, आणि तारेंतून वीज सोडून अंकुर कापून काढला. पोटावर एक ओरखडाहि नाहीं! पुढें १९९३ सालीं, १४१८ रोग्यांच्या अमेरिकन पाहणींत, अंकुर काढलेल्यांमध्यें या कर्करोगाचें प्रमाण अपेक्षेपेक्षां तीन चतुर्थांशांहून अधिक घटलेलें आढळलें.

आतां, वीज कशासाठीं? कापतांच रक्त येऊं नये म्हणून. पण ती उष्णता अस्तराखालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोंचते, वर खपली धरते, आणि ती खपली बहुधा दोन आठवड्यांच्या आंत गळते. जी भीति टाळण्यासाठीं वीज वापरली, ती विजेनें नुसती पुढें ढकलली. पुढचा रोग टळावा म्हणून आपल्या पायांनीं आलेला धडधाकट माणूस, आठ दिवसांनीं रक्त जातें म्हणून घाईघाईनें रुग्णालयांत परत आणावा लागतो. रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्यास हा धोका अधिक.

जखमेच्या कडा धातूच्या चिमट्यांनीं जुळवाव्या, म्हणजे एक प्रकारचें संधानच करावें, असें पुष्कळांना वाटलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, ९१९ रोग्यांवरील एका प्रयोगांत २० मिलिमीटर व त्याहून मोठ्या बिनदेठाच्या अंकुरांनंतरचा रक्तस्राव शेंकडा ७.१ वरून ३.५ वर आला. तथापि हा लाभ आतड्याच्या वरच्या भागांतला. खालच्या भागांत चिमट्यांनीं कांहीं साधल्याचें दिसलें नाहीं. सरसकट चिमटे लावणें मला तरी निव्वळ खर्च वाटतो.

लहान अंकुरांच्या बाबतींत खरी युक्ति वीजच बंद करण्यांत निघाली. १९९२ सालीं इटलींतल्या डॉक्टरांनीं लहान अंकुर नुसत्या तारेनें कापून काढल्याचें प्रसिद्ध केलें. याला ‘थंड फास’ म्हणतात. त्यांत बर्फ नसतो, फक्त उष्णता नसते. कापतांच थोडें रक्त झिरपतें, नवख्या डॉक्टराच्या पोटांत गोळा येतो, पण तें बहुधा आपोआप थांबतें. २०२३ सालीं तैवानांतून आलेल्या प्रयोगांत ४ ते १० मिलिमीटरचे अंकुर असलेल्या ४२७० माणसांचे जवळजवळ समान दोन भाग केले होते. उष्ण फासानंतर ३१ जणांना उशिरां रक्तस्राव झाला. थंड फासानंतर ८ जणांना.

मोठ्या अंकुरांचें गणित इतकें सरळ नाहीं. २०२४ सालच्या जर्मन प्रयोगांत थंड फासानें रक्तस्राव शेंकडा ४.४ वरून १ वर आणला, पण अंकुराचा अंश मागें राहण्याचें प्रमाण १३.८ वरून २३.७ वर गेलें. म्हणून तेथें विजेचा फास अद्याप हातांत आहे, आणि असा अंकुर काढलेल्या माणसाला घरीं पाठवितांना पुष्कळ डॉक्टर दोन आठवडे दूरचा प्रवास करूं नका म्हणून बजावतात.