पाण्यात नसलेलं शिसं अहवालात कुठून येतं?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १०,००० लिटरच्या १० टँकरमध्ये मिळून फक्त १ ग्रॅम शिसं! इतकं सूक्ष्म मोजताना खोलीतली धूळही निकाल बिघडवू शकते. मग चांगली विहीर दूषित ठरते आणि तिचं पाणी विनाकारण बंद होतं.

पृथ्वीचं वय आणि शिशाचा घोळ

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लेअर पॅटरसन खडकांतलं शिसं मोजत होते. आकडे दर वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त यायचे. हे जादा शिसं खडकातलं नव्हतंच. ते हवा, धूळ, रसायनं आणि भांड्यांमधून येत होतं. त्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून स्वच्छ केली, रसायनं शुद्ध केली आणि पुढे कॅलटेकमध्ये अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली. त्यातूनच १९५६ मध्ये, अशनींच्या अभ्यासावरून, पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं त्यांनी मांडलं.

पुढे समुद्राचं पाणी आणि ग्रीनलँडचा बर्फ तपासून त्यांनी वातावरणात शिसं वाढल्याचं दाखवलं. त्यात शिसेयुक्त पेट्रोलचा मोठा वाटा होता. भारतात हे पेट्रोल २००० साली बंद झालं.

प्रयोगशाळा काय काळजी घेतात?

* हवा: बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली.
* भांडी: साध्या काचेतून धातू झिरपू शकतात, म्हणून आम्लात भिजवून धुतलेली प्लास्टिक किंवा टेफ्लॉनची भांडी.
* हातमोजे: पावडर नसलेले, कारण पावडरमध्ये जस्त असू शकतं.
* आम्ल आणि पाणी: खास शुद्ध केलेलं.

‘कोरा नमुना’ म्हणजे काय?

दूध तोलण्याआधी रिकामं भांडं तोलतात, तसंच हे. नमुना न घालता फक्त शुद्ध पाणी आणि आम्ल त्याच सगळ्या टप्प्यांतून नेतात. त्यात शिसं आढळलं, तर ते प्रयोगशाळेतूनच आलेलं असतं. कोऱ्या नमुन्याचा आकडा मोठा किंवा दर वेळी वेगळा येत असेल, तर नुसती वजाबाकी करून भागत नाही. आधी गळती शोधावी लागते.

पाणी तपासायला देताना

प्रयोगशाळेनं दिलेलीच बाटली वापरा. ती विसळू नका, कारण शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून तिच्यात आधीच आम्ल घातलेलं असू शकतं. झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावू नका. आणि अहवाल हातात आला की एक प्रश्न जरूर विचारा: कोऱ्या नमुन्यात किती शिसं आलं होतं?