इक्मिक कुकर : कोलकात्याच्या स्वयंपाकघरातील काटकसरीचा इतिहास

कोणत्याही मोठ्या शहराचा इतिहास लिहिताना बंदरे, गिरण्या, राजवाडे आणि आंदोलने यांची नोंद आवर्जून केली जाते. त्याच शहरातील लक्षावधी घरांत दिवसातून दोन वेळा जळण किती जळले, त्यापायी महिन्याच्या मिळकतीतून किती रुपये गेले आणि तो विस्तव राखता राखता कोणाचे डोळे धुराने चुरचुरले, हे मात्र सहसा कोठे लिहिलेले आढळत नाही. वास्तविक संसाराची घडी बसते अथवा विसकटते ती पुष्कळशी या खर्चावरच. ज्या कोलकात्याने आपणा मराठी कुटुंबांना आपलेसे केले, त्या शहरातील एका बुद्धिमान गृहस्थाने या दुर्लक्षित प्रश्नाकडे शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले होते. त्यांच्या कामगिरीची ओळख मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जळणाची काटकसर आपल्याला नवी नाही. जुन्या मराठी घरातील चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवरील भांड्याखालून निसटलेली आच त्या वैलात शिरे आणि तिच्यावर वरण अथवा आंघोळीनंतरचे दूध फुकटात तापे. भाजीच्या पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी घालण्याची आपल्या सुगरणींची रीत अशीच आहे. वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, भाजी करपत नाही आणि ताटलीतले गरम झालेले पाणी रश्शाला उपयोगी पडते. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवणे, लाकडाच्या वखारीतील भुसा डब्यात ठासून त्याची शेगडी पेटविणे, या साऱ्या युक्त्या कोणत्याही पुस्तकावाचून चालत आल्या होत्या.

कोलकात्यास येणाऱ्या मराठी माणसाला येथे निराळी चूल भेटली. राणीगंजच्या खाणी जवळ असल्याने हे शहर दगडी कोळशावर जगत होते. बादलीला आतून मातीचा लेप देऊन केलेल्या शेगडीला येथे ‘तोला उनुन’ म्हणत. कोळशाचा चुरा वाया जाऊ नये म्हणून त्याचे गोळे वळून उन्हात वाळवीत. त्यांना ‘गुल’ हे नाव होते. काटकसर येथेही होती. तथापि ही शेगडी एकदा पेटली की आपल्या मर्जीने विझविता येत नसे. स्वयंपाक अर्ध्या तासाचा असो वा दोन तासांचा, कोळसा जळायचा तेवढा जळेच. हिवाळ्यातील संध्याकाळी घरोघरी शेगड्या पेटल्या की गल्लीबोळांत धुराचा थर साचून राही, ही आठवण येथील जुन्या रहिवाशांना आजही असेल.

१८६९ साल बंगालच्या इतिहासात एका दृष्टीने लक्षणीय मानावे लागेल. त्या वर्षीच्या डिसेंबरात दोन मुलगे जन्मास आले. पैकी एक सखाराम गणेश देऊस्कर. देवघरजवळील करौं गावी जन्मलेले, घराणे मूळचे महाराष्ट्रातील आणि लेखणी मात्र बंगाली. कोलकात्याच्या ‘हितवादी’ पत्राशी त्यांचा निकटचा संबंध होता, आणि शिवाजी उत्सव बंगालमध्ये रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘देशेर कथा’ या ग्रंथात त्यांनी हिंदुस्थानची संपत्ती कोणकोणत्या वाटांनी परदेशी वाहून जाते, याचा आकडेवार हिशेब मांडला. स्वदेशीच्या चळवळीत हा ग्रंथ हातोहात फिरला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली.

दुसरे इंदुमाधव मल्लिक. हुगळी जिल्ह्यातील गुप्तिपाडा हे त्यांचे गाव. पुढे भवानीपूरचे मल्लिक म्हणून हे घराणे ओळखले गेले. आपले महाराष्ट्र निवास ज्या हाजरा रस्त्यावर उभे आहे, त्याच परिसरातली ही वस्ती. इंदुमाधवांच्या विद्याव्यासंगाला सीमा नव्हती. तत्त्वज्ञान आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत त्यांनी एम. ए. केले, कायद्याची पदवी घेतली आणि वैद्यकाचाही अभ्यास पूर्ण केला. बंगवासी कॉलेजात अध्यापन केले, चीनचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिले. एवढ्या पदव्या मिळविलेल्या माणसाने भात शिजविण्याच्या भांड्यात लक्ष घालावे, याचे त्या काळी कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु ज्या वर्षी ‘देशेर कथा’वर बंदी आली, त्याच १९१० साली मल्लिकांनी आपला ‘इक्मिक कुकर’ सिद्ध केला.

या यंत्राची कल्पना त्यांना पुरीच्या जगन्नाथमंदिरात सुचली, असे सांगितले जाते. तेथील रोसघरात मातीची मडकी चुलीवर एकावर एक रचून महाप्रसाद शिजवितात. खालच्या मडक्यांतील वाफ वरच्यांना मिळत जाते आणि एकाच विस्तवावर सारी उतरंड शिजून निघते. शतकानुशतके भाविकांनी हा प्रकार पाहिला व हात जोडले. मल्लिकांनी हात जोडले असतील, पण त्याबरोबर त्यामागील तत्त्वही ध्यानात घेतले.

इक्मिक कुकरची रचना अगदी साधी होती. एक उंच, गोल, झाकणाचे भांडे. त्याच्या तळाशी थोडे पाणी. आत जेवणाच्या डब्याप्रमाणे एकावर एक बसणारे धातूचे पुडे आणि सर्वांत खाली कोळशाच्या निखाऱ्यांसाठी छोटीशी शेगडी. एका पुड्यात तांदूळ, दुसऱ्यात डाळ, तिसऱ्यात भाजी किंवा मांस घालून झाकण लावावयाचे आणि आपल्या कामाला लागावयाचे. निखारे आपोआप मंदावत, तोवर सारे पदार्थ शिजलेले असत. करपण्याचे भय नाही, ढवळणे नाही, उतू जाणे नाही. ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ या दोन इंग्रजी शब्दांची शेपटे जोडून ‘इक्मिक’ हे नाव तयार झाले, असे म्हणतात. आरोग्य आणि काटकसर हे दोन्ही हेतू त्या नावातच सामावलेले आहेत.

यामागील शास्त्र घरातील प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. अन्न शिजते ते उष्णतामानामुळे, ज्वाळेच्या उंचीमुळे नव्हे. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांवर उकळू लागले की त्याखाली कितीही जाळ केला तरी ते त्याहून अधिक तापत नाही. जादा आच केवळ पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा खर्चही लहानसहान नाही. ३० अंशांवरील एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्यास सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते, तर तेवढ्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट. झाकण न ठेवता खळखळ उकळणाऱ्या पातेल्यातून आपले पैसेच वर उडत असतात. इक्मिक कुकरने ती वाफ कोंडून धरली आणि तिच्याकडून तीन-चार भांड्यांचे काम करून घेतले.

आणखी एक लाभ होता, आणि बंगालच्या संदर्भात त्याचे मोल फार मोठे आहे. भरपूर पाण्यात भात शिजवून वरचे पाणी गाळून टाकण्याची पद्धत येथे सर्वत्र होती. त्या पेजेला ‘फ्यान’ म्हणतात. हे जादा पाणी तापविण्यात जळण जाते आणि त्याबरोबर तांदळातील काही सत्त्वही निघून जाते. कुकरच्या पुड्यात मोजके पाणी घातल्याने दोन्ही घरातच राही. १९४३ च्या भीषण दुष्काळात खेड्यांतून आलेली भुकेली माणसे कोलकात्याच्या दारोदारी भात मागण्याचे धैर्य न होऊन ‘फ्यान द्या’ म्हणून टाहो फोडीत होती. त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. कोणत्याही कुकरने तो दुष्काळ टळला नसता. त्याची कारणे सत्तेत, युद्धात आणि बाजारात होती. परंतु एका घराच्या मोरीत जाणारे पाणी दुसऱ्याच्या प्राणाचा आधार ठरू शकते, हे या शहराने त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. काटकसरीला कंजूषपणा म्हणून हसणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कुकरचा खरा चाहता होता मेसमध्ये अथवा भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा नोकरदार. सकाळी निखारे घालून स्नानादी उरकावे आणि कचेरीच्या वेळेला गरम भात-डाळ ताटात घ्यावी, ही सोय त्या काळी केवढी वाटली असेल, हे बदलीच्या नोकरीत एकट्याने बिऱ्हाड मांडलेल्या आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगावयास नको. शिवाय, ज्याने आयुष्यात कधी चूल फुंकली नव्हती अशा पुरुषालाही या यंत्राने स्वयंपाकघरात उभे केले, ही त्याची सामाजिक कामगिरी मानली पाहिजे.

अर्थात त्याला मर्यादाही होत्या. त्यात फोडणी होत नसे, मासा तळता येत नसे, भाकरी तर दूरच. शिजण्यास वेळही बराच लागे. दाबाने वाफ कोंडल्यास पाणी १०० अंशांच्या पलीकडे तापते, हे तत्त्व फ्रान्सच्या देनी पापँ याने १६७९ सालीच दाखवून दिले होते. आपल्याकडे १९५९ च्या सुमारास हॉकिन्स व प्रेस्टिज यांचे प्रेशर कुकर आले. त्यांत उष्णतामान १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ मिनिटांत शिजते. जळणही बदलले. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेलने घरगुती गॅस आणला, तर इंडियन ऑईलच्या ‘इंडेन’ गॅसची पहिली जोडणी १९६५ साली याच कोलकात्यात दिली गेली. १९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव कडाडले, त्यानंतरच्या वर्षांत इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्राने कमी रॉकेलवर चालणारा ‘नूतन’ स्टोव्ह तयार केला आणि १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली. ‘झाकण ठेवा, उकळी येताच आच मंद करा, डाळ आधी भिजवा’ असा उपदेश ही संघटना घरोघरी करू लागली. त्यात आजीच्या शिकवणीपलीकडचे आणि मल्लिकांच्या कुकरपलीकडचे फारसे काही नव्हते. नव्या साधनांच्या गर्दीत इक्मिक कुकर मात्र हळूहळू माळ्यावर गेला.

मग आज त्याची आठवण कशासाठी? गॅसची शेगडी बटण फिरविताच पेटते व विझते. त्यामुळे जळणाचा हिशेब डोळ्यांआड झाला आहे. तरीही घरगुती गॅसची देशाची गरज जेवढी आहे, तिच्यातील सुमारे साठ टक्के भाग आजही परदेशातून आणावा लागतो. देऊस्करांनी देशाबाहेर जाणाऱ्या पैशाच्या वाटा मोजल्या, तर मल्लिकांनी भांड्याबाहेर जाणारी आच अडविली. देऊस्करांच्या वाटा परसत्तेने पाडलेल्या होत्या. आजचा व्यापार आपल्या संमतीचा आहे, हा भेद ध्यानात ठेवूनही असे म्हणता येईल की, आपल्या ओट्यावरील उघडे पातेले त्या मोठ्या हिशेबातील एक लहानशी रक्कम आहे. भूक, आरोग्य आणि देशाची संपत्ती यांचा संबंध स्वयंपाकघराशी जोडण्यास फार मोठ्या सिद्धांतांची गरज नाही. पातेल्यावर झाकण घालण्याइतके भान पुरेसे आहे.

इंदुमाधव मल्लिक १९१७ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी निवर्तले. देऊस्कर त्यांच्याही आधी, १९१२ साली गेले. देऊस्करांचे नाव आपण मराठी लोक अभिमानाने घेतो, ते योग्यच आहे. त्यांच्या शेजारी भवानीपूरच्या या बंगाली गृहस्थाचे नावही आपल्या मुलांना सांगावे. आणि ज्यांच्या घरी जुन्या काळचा पुड्यांचा कुकर, तोला उनुन किंवा गावाहून आणलेली भुशाची शेगडी अजून अडगळीत पडून असेल, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून तिची माहिती लिहून घ्यावी. दूरदेशी राहिलेल्या आपल्या कुटुंबांचा इतिहास त्या वस्तूंतही आहे.