बिनपैशाचे गाव आणि बिनपगारी भाषांतरकार

इतिहास लिहिणाऱ्याला दप्तर लागते. दप्तर ठेवतात ते दरबार, सरकार, देवस्थान किंवा पेढी. म्हणून आपल्या हाती येणारा इतिहास बव्हंशी हुकूम देणाऱ्यांचा आणि पगार घेणाऱ्यांचा असतो. ज्यांना कोणी हुकूम दिला नाही व ज्यांनी कोणाकडून दमडी घेतली नाही, अशांनी मिळून केलेली कामेही जगात थोडी नाहीत. पण काम संपले की माणसे पांगतात, मागे कागद राहत नाही, आणि काम झाले कसे हे पुढच्यांना कळत नाही. २००६ ते २००८ या दोन वर्षांत एका जपानी खेळाचे जे इंग्रजी भाषांतर झाले, ते या बाबतीत अपवाद ठरावे. ते करणाऱ्यांनी आपल्या कामाचे वृत्त वेळोवेळी जाहीर केले, आणि त्यामुळे एका बिनपगारी कामाचा आरंभ, मध्य आणि शेवट आपल्याला बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

खेळाचे नाव ‘मदर ३’. तळहातावर मावेल अशा ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या यंत्रावर तो खेळावयाचा. ज्या वाचकांना या प्रकाराचा परिचय नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, ‘रोल-प्लेइंग’ म्हणून ओळखले जाणारे हे खेळ पत्त्यांपेक्षा किंवा बुद्धिबळापेक्षा कादंबरीला अधिक जवळचे आहेत. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लढतो, हरतो, पुन्हा उठतो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला बोलावयाला काहीतरी हवे असते, आणि कथा पुढे गेली की तोच माणूस निराळे बोलतो. त्यामुळे चिमुकल्या पडद्यावर चार-चार ओळींनी प्रकट होणारा मजकूर एकत्र केला तर त्याचा जाडजूड ग्रंथ होईल. अशा खेळाची भाषा येत नसेल तर चित्रे दिसतात, संगीत ऐकू येते, परंतु खेळ कळत नाही.

‘मदर’ ही खेळमाला शिगेसातो इतोई यांची. ते पेशाने जाहिरातींचा मजकूर लिहिणारे. जपानमध्ये लेखक म्हणूनही त्यांचे नाव मोठे. पहिला ‘मदर’ १९८९ मध्ये निंटेंडो कंपनीने काढला, दुसरा १९९४ मध्ये. तिसऱ्याच्या कपाळी मात्र वनवास होता. दुसऱ्यापाठोपाठ त्याचे काम सुरू झाले ते एका यंत्रासाठी. मग दुसरे यंत्र आले, मग तिसरे. आणि ऑगस्ट २००० मध्ये ते काम रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. २००३ मध्ये ते पुन्हा हाती घेण्यात आले, तेव्हा मोठ्या यंत्राचा हव्यास सोडून २४० बिंदू रुंद व १६० बिंदू उंच अशा लहानशा पडद्यावर समाधान मानावे लागले. २० एप्रिल २००६ रोजी ‘मदर ३’ अखेर जपानमध्ये विक्रीस आला. तोवर गेम बॉय ॲडव्हान्सचे दिवस सरत आले होते. त्याच्या जागी येणारे ‘डीएस’ हे यंत्र २००४ च्या अखेरीसच बाजारात दाखल झालेले होते.

समुद्रापलीकडे या खेळाची वाट पाहणारे लोक होते. दुसरा ‘मदर’ १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने अमेरिकेत निघाला. त्याचा खप बेताचाच झाला. पण ज्यांनी तो लहानपणी खेळला त्यांच्या मनातून तो गेला नाही. पहिल्या ‘मदर’चे इंग्रजी भाषांतर तर १९९० मध्येच तयार झालेले असून कंपनीने ते कपाटात ठेवून दिले होते. १९९८ मध्ये त्याची एक नमुना-प्रत शौकिनांच्या हाती लागली, तेव्हा ते लोकांना पाहावयास मिळाले. कंपनीने ते स्वतः प्रसिद्ध केले ते २०१५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. या शौकिनांचे ‘स्टारमेन डॉट नेट’ नावाचे मंडळ होते. त्यांनी अर्ज केले, हजारोंच्या सह्या गोळा केल्या, आणि २००७ मध्ये चाहत्यांच्या चित्रांचे सुमारे २७० पानांचे रंगीत पुस्तक तयार करून ते कंपनीकडे व वृत्तपत्रांकडे पाठविले. अर्जावर निर्णय होत नाही म्हणजे काय होते, हे तुम्हा-आम्हांस सांगावयास नको. नकाराचा शेरा मिळाला तर माणूस निदान दुसरी वाट धरतो. नुसत्या मौनाने तो तिष्ठत राहतो. २००८ मध्ये तर गंमत अशी झाली की, ‘मदर ३’चा नायक लुकास हा कंपनीच्या दुसऱ्या एका खेळात पाहुणा म्हणून अमेरिकेत जाऊन पोचला, पण त्याची कथा मागेच राहिली.

या मंडळाने मात्र तिष्ठत बसणे पत्करले नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांनी भाषांतराचे काम आपणच अंगावर घेतल्याचे जाहीर केले. माणसे सुमारे डझनभर. प्रमुख होते क्लाइड मँडेलिन; खेळांचे व चित्रपटांचे जपानीतून इंग्रजीत भाषांतर करणे हाच त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. दिवसभर पैशासाठी जे करावयाचे तेच रात्री विनामोबदला करावयाचे, असा हा मामला होता. आरंभीच त्यांनी एक अट स्वतःवर घालून घेतली: कंपनीने अधिकृत भाषांतर काढण्याचे ठरविले तर आपण आपले काम तेथेच थांबवू. कामाच्या पहिल्याच दिवशी ते सोडून देण्याचा प्रसंग लिहून ठेवणारी माणसे विरळा.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की, दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस बसला, त्याने वाक्यामागून वाक्य उतरविले, की झाले. वस्तुतः ते काम सर्वांत सोपे होते. खेळातील मजकूर कागदावर छापलेला नसतो. तो यंत्राच्या आज्ञांमध्ये आकड्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. तो शोधून बाहेर काढावयाचा, नवा मजकूर त्या जागी बसवावयाचा, आणि हे करण्यास लागणारी हत्यारे बाजारात मिळत नसल्याने तीही स्वतःच घडवावयाची. त्यात जपानी अक्षर म्हणजे प्रत्येकी एक सारखा चौकोन. सर्वांची रुंदी एकच. इंग्रजीत एक अक्षर काडीसारखे तर दुसरे पाटासारखे. ती सारी सारख्या घरांत कोंबली तर ओळ दात पडलेल्या तोंडासारखी दिसते. म्हणून अक्षरे छापण्याची मूळ यंत्रणाच उसवून पुन्हा शिवावी लागली. यादीच्या पानांवर आणखी एक अडचण उभी राहिली. तेथे प्रत्येक अक्षर हे स्वतंत्र चित्र म्हणून पडद्यावर मांडले जाते, आणि अशी चित्रे हे यंत्र एका वेळी १२८ च सांभाळू शकते. जपानी शब्द आखूड, ते निभावून जातात; इंग्रजी शब्द लांबले की मर्यादा संपते आणि अक्षरे गळू लागतात. तेव्हा शेजारची अक्षरे एकमेकांस सांधून त्यांचे एक चित्र करण्याची युक्ति या लोकांनी काढली. मजकुराच्या भाषांतराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, श्रम अशा गोष्टींत गेले. त्यानंतर तपासणी: प्रत्येक वाट चालून पाहणे, प्रत्येक दार उघडून पाहणे, कोणते वाक्य चौकटीबाहेर सांडते ते टिपून ठेवणे. सारे मिळून हजारो तास खर्ची पडले.

भाषांतरकाराची परीक्षा नावांत होते, असे म्हणतात ते खोटे नाही. खेळातील गावाचे जपानी नाव ‘तात्सुमाइरी’. त्याचे इंग्रजीत ‘टॅझमिली’ करण्यात आले. एका दुष्ट पात्राचे नाव ‘योकुबा’ आहे. हा गोड बोलून गावाला नादी लावणारा मनुष्य. नावाचे मूळ हाव, लोभ या अर्थाच्या जपानी शब्दात आहे. ते तसेच ठेवले असते तर इंग्रजी वाचकाला काहीच बोध झाला नसता. मँडेलिन यांनी नाव योजले ‘फसाद’. दिखाऊ दर्शनी भाग या अर्थाचा फ्रेंच शब्द त्यात ऐकू येतो, आणि नासाडी व भ्रष्टता या अर्थाचा अरबी शब्दही. तो अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्या देशात केव्हाच आला आहे. उत्तरेकडे नोकरी करणाऱ्या वाचकाला तो बाजारात व वर्तमानपत्रात रोज भेटत असेल. एका जपानी लोभ्याला अमेरिकेत नाव मिळाले, आणि ते दिल्ली-लखनौच्या माणसाला कोशाशिवाय समजावे, हा योग लहान असला तरी नोंदण्याजोगा आहे.

या पात्राच्या हातून जे घडते तेच खेळाचे कथानक. टॅझमिली हे एका बेटावरील गाव. तेथे पैसा हा पदार्थच कोणाला ठाऊक नाही. दुकानातून लागेल ते घ्यावे आणि दुकानदाराने ते आनंदाने द्यावे. गावात कोठडी आहे, पण तिच्यात कधी कोणास घातलेले नाही. मग डुकराचे मुखवटे चढविलेली फौज येते. जंगल जळते, लुकास आणि क्लॉस या जुळ्या मुलांची आई मरते, दुःखाने बेभान झालेला बाप हाच त्या कोठडीचा पहिला कैदी ठरतो. तीन वर्षे लोटतात. आता गावात पैसा आला आहे, आगगाडी आली आहे, घरोघरी ‘सुखाची पेटी’ बसली आहे आणि माणसे कारखान्यात खपत आहेत. ज्यांनी पेटी घेतली नाही त्यांच्या घरांवर वीज पडते. हे गाव पैशावाचून चालत होते तेव्हा माणसे एकमेकांची कामे का करीत होती, हा प्रश्न खेळ संपल्यावरही मनात राहतो. ज्यांनी तो मजकूर दोन वर्षे ओळीओळीने उतरविला त्यांच्या डोक्यात तो घोळला नसेल असे मला वाटत नाही. त्यांचे स्वतःचे काम त्याच जातीचे होते.

१७ ऑक्टोबर २००८ रोजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पहिल्या आठवड्यातच एक लाखाहून अधिक वेळा ते उतरवून घेण्यात आले. खेळाची प्रत या लोकांनी वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्यांनी दिले ते ग्रंथाच्या शेवटी जोडतात तसले शुद्धिपत्र: अमुक जागी अमुक होते, तेथे तमुक करा. मूळ ग्रंथ वाचकाने स्वतः मिळवावा आणि त्यावर ते चालवावे.

यामुळे कायद्याचा प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो टाळून हा इतिहास पुरा होणार नाही. १८८६ च्या बर्न करारापासून भाषांतराचा हक्क मूळ कर्त्याचा मानला गेला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातही तसेच आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमात एक दार किलकिले ठेवलेले आहे. साहित्यकृती किंवा नाट्यकृती प्रथम प्रसिद्ध होऊन सात वर्षे लोटली म्हणजे तिचे भाषांतर काढण्याचा परवाना कोणालाही, काही अटींवर, मागता येतो. मालकाचा हक्क खरा, पण वाचकाला आपल्या भाषेत वाचता न येणे हीही एक हानी आहे, असा त्या कलमामागील विचार दिसतो. या मंडळापुढे असे दार नव्हते. इतरांचे काय झाले हेही पाहावे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये असेच हौशी लोकांनी घडविलेले दोन खेळ प्रसिद्ध झाले. एक जुन्या गेम बॉयवरील ‘मेट्रॉइड २’चा नवा अवतार, दुसरा ‘पोकेमॉन युरेनियम’. दुसऱ्यासाठी सुमारे नऊ वर्षे खर्ची पडली होती. दोन्ही निंटेंडोच्या हरकतीमुळे काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. ‘मदर ३’चे भाषांतर कंपनीने थांबविले नाही, त्याला मान्यताही दिली नाही. म्हणजे हे काम हक्काने उभे राहिले नाही, मालकाच्या मौनावर उभे राहिले. ज्या मौनाने त्यांचे अर्ज अडविले होते त्याच मौनाने त्यांचे काम तारले.

२०१३ मध्ये मँडेलिन यांनी आणखी एक पाऊल टाकले. आपले सारे भाषांतर कंपनीने विनामूल्य वापरावे, हवे तर त्यात लागतील ते फेरफारही आपण करून देऊ, असे त्यांनी जाहीरपणे कळविले. ते स्वीकारले गेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘मदर ३’ आपल्या नव्या यंत्राच्या वर्गणीदारांना उपलब्ध करून दिला, तो जपानपुरताच. इंग्रजी जगाला हा खेळ वाचता आला तो त्या डझनभर लोकांच्याच शब्दांत.

अशी कामे बहुधा अर्ध्यावर मोडतात. आरंभी उत्साह असतो, मग एकाची बदली होते, दुसऱ्याच्या घरी आजारपण येते, तिसऱ्याचे चौथ्याशी पटत नाही. परप्रांतात मराठी मंडळे, नाटके आणि मासिके चालविणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. तेथेही पगारपत्रक नसते आणि रजेचा अर्ज कोणी मागत नाही. या कामाच्या बाबतीत तसे का झाले नाही, याची जी कारणे मला दिसतात ती साधी आहेत. प्रमुख माणूस त्या धंद्यात मुरलेला होता. प्रत्येकाचे काम आखलेले होते: मजकूर एकाकडे, यंत्र दुसऱ्याकडे, तपासणी तिसऱ्याकडे. काम कोठे संपते हे ठरलेले होते; मूळ खेळातील शेवटची ओळ ही त्याची हद्द होती. केलेल्या कामाचा हिशेब लोकांपुढे येत होता. आणि काम आपले आहे पण वस्तू आपली नाही, हे आरंभापासून सर्वांना मान्य होते; त्यामुळे मालकीवरून भांडण्यास जागाच उरली नाही. यांपैकी पहिल्या चार गोष्टी चांगल्या कचेरीतही सापडतात. पाचवी गोष्ट नियमावलीत घालता येत नाही. ती माणसांनी आपल्याबरोबर आणावी लागते.