वरातीतला वेग

पहूरच्या पोरांना आता गिटार हवी असते आणि ती हातात आली की आठवड्याभरात स्पीडही हवा असतो. मी उमेदीची वर्षं बँजो पार्टीत काढली, म्हणून विचारायला माझ्याकडे येतात.

आमचा बँजो म्हणजे अमेरिकेतलं चामडं मढवलेलं वाद्य नव्हे. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ताइशोगोतो बनवलं. हिंदुस्थानात ते बुलबुल तरंग झालं आणि पिकअप लावून भोंग्याला जोडल्यावर वरातीत शिरलं. डावा हात बटणांवर, उजव्यात नखी. बटण दाबलं की तार पडद्याला टेकते.

या वाद्याला वेग लागला तो हौसेपोटी नाही. क्लॅरिनेटला फुंक असते, पेटीला भाता. छेडलेल्या तारेचा सूर मात्र लगेच विझतो. १९५४च्या ‘नागिन’मधली पुंगीची धून कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. त्या यंत्राचा सूर बोट उचलेपर्यंत चालू राहतो. वरातीत नाचणाऱ्यांना तीच धून बँजोवर हवी असायची. मग सूर तुटू नये म्हणून नखी सारखी खाली-वर, खाली-वर. दाणा एकसारखा पडला तरच पुंगी वाटणार.

खरी कसोटी डाव्या हाताची, तीही उतरताना. चढताना खालचं बटण दाबलेलं राहिलं तरी बिघडत नाही, वरच्या पडद्याचाच सूर बोलतो. उतरताना खालच्या सुरावर बोट आधीच बसलेलं हवं. नाहीतर वरचं बोट उचलताच मोकळी तार बोंबलते आणि भोंग्यातून अख्ख्या पेठेला कळतं.

आमचे मास्तर शेंदुर्णीहून पीजेने यायचे. पाचोरा–जामनेरची ती अरुंद गेजची गाडी २०२० साली बंद पडली. मास्तर प्रत्येक सुरावर आधी चार ठोके घ्यायला लावत, मग दोन, मग एक. लय पायाने धरायची. बोट चुकलं की, ‘लय निम्मी कर,’ एवढंच म्हणायचे. दोन्ही हात एका क्षणी पडायला लागले की वेग आपोआप चढायचा.

पुढे कॅसिओ आला, मग डीजे. सुपाऱ्या आटल्या आणि बँजो माळ्यावर गेले.

गिटारवाल्या पोरांना मी मोबाइलवरचा मेट्रोनोम साठावर लावायला सांगतो आणि उतरते पलटे देतो. त्यांना ते मिळमिळीत वाटतं. पण आमच्या पार्टीत नवा वादक पारखताना धावतं गाणं कुणी वाजवायला सांगत नसे. हळदीचं संथ गाणं द्यायचे. गर्दीच्या गाण्यात चूक ढोल-ताशाखाली झाकली जाते. संथ गाण्यात दाणा फाटला की पोरगा दुसऱ्या कडव्याआधीच घरी.