आरशापुढील बालक

देवालयातील महापूजेत छत्र, चामर आणि दर्पण हे राजोपचार देवास समर्पण होतात, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मूर्तीसमोर धरलेल्या त्या आरशात आपले मुख पाहण्याचे कोणाही भक्ताच्या मनात येत नाही. घरात तोच आरसा करंडा-फणीच्या शेजारी असतो. परंतु चित्रकलेच्या तासाला तो बालकाच्या हाती देऊन ‘आता तुझे चित्र तू काढ’ असे सांगण्यास आपल्याकडे फार काळ जावा लागला. बेळगाव शहरास लागून असलेल्या कंग्राळीसारख्या गावाच्या दृष्टीने या विलंबाची हकीकत पाहण्याजोगी आहे.

आपली चित्रविद्या प्रमाणावर उभी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मुखाची लांबी १२ अंगुले सांगितली असून कपाळ, नासिका आणि हनुवटी यांस प्रत्येकी ४ अंगुले दिली आहेत. मूर्ती पूजेस बसावयाची असल्याने तेथे घडविणाऱ्याची लहर चालत नसे. भागवतातील चित्रलेखेने उषेसाठी देवांची, गंधर्वांची व यादववीरांची चित्रे काढली आणि शेवटी अनिरुद्ध ओळखला गेला. त्या चित्रमालिकेत स्वतः चित्रलेखा मात्र कोठेच नाही.

पुढे इंग्रजी अमदानी आली. १८५७ साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग तेथे शिकविण्यास आले. देशी कारागिराचा हात अधिक कुशल व्हावा, हा त्या शिक्षणाचा एक प्रमुख हेतू होता. तीच दृष्टी मुंबई इलाख्यातील शाळांत उतरली. बेळगाव जिल्हा तेव्हा याच इलाख्यात होता. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी विद्यार्थ्याने नक्षी गिरवावी, भूमितीच्या आकृती आखाव्यात, घडा-सुरई छायाप्रकाशासह उतरवावी, असा क्रम होता. हात तयार झाला, यात शंका नाही. व्यक्तिचित्र हा मात्र पुढच्या, प्रौढ शिक्षणाचा विषय मानला गेला. बेळगावातही या विद्येची थोर परंपरा नांदली. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे (१९३५–२०२२) पुढे सर्वत्र नावाजले गेले.

लहान मुलाची रेघ ही मोठ्या माणसाची चुकलेली रेघ नव्हे, हा विचार निराळ्या वाटेने आला. व्हिएन्ना येथे फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग काढला. लहान मूल डोळ्यांस दिसते ते नव्हे, तर स्वतःस ठाऊक असते ते काढते, असे फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी १९२७ साली दाखविले. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली.

शिकविण्याची रीत साधी आहे. तीन-चार वर्षांचे मूल एक वर्तुळ काढते आणि त्यालाच पाय जोडते. ते तसेच राहू द्यावे. सहा-सात वर्षांचे मूल डोळे कपाळाच्या जागी काढते. त्यास चूक म्हणू नये. हाती आरसा द्यावा आणि टाळूपासून हनुवटीपर्यंत बोट फिरवावयास सांगावे. डोळे डोक्याच्या मध्यावर आहेत, हे त्याचे त्यासच उमगते. चित्रसूत्राची तीन भागांची वाटणीही अशीच बोटांनी मोजून दाखविता येते. शिक्षकाने त्याच्या हातची पेन्सिल तेवढी घेऊ नये.

कारण खरी अडचण प्रमाणाची नव्हेच. स्वतःचे चित्र काढावयास सांगितले की पुष्कळ मुले कॅलेंडरावरील मुख काढतात आणि गाल गुलाबी रंगवितात. उन्हात रापलेली कातडी, पुढचा पडलेला दात, कपाळावरचा व्रण हे सारे कागदावर येत नाही. सुंदर मुख म्हणजे दुसऱ्याचे मुख, हे त्या वयातच मनात ठसलेले असते. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही गावे आहेत तेथेच राहिली. १९५६ साली राज्य मात्र बदलले. येथील मुलाचे नाव, जात, मातृभाषा ही सारी माहिती शाळेच्या दप्तरात मोठी माणसे लिहितात आणि तिच्यावरून वादही तीच घालतात. आपण कसे दिसतो, हे सांगण्याचा एक कागद तरी त्या मुलाच्या स्वाधीन असावा, असे आम्हांस वाटते.

मूर्तीस शास्त्राने प्रमाण दिले ते योग्यच आहे, कारण ती सर्वांची आहे. मुलाचे मुख त्याच्या एकट्याचे आहे. म्हणून या चित्रास गुण देऊ नयेत. कागदाच्या मागे तारीख घालून तो जपून ठेवावा आणि पुढल्या वर्षी त्याच मुलाने नवे चित्र काढले म्हणजे दोन्ही त्याच्यापुढे ठेवावीत. पडलेला दात आला की नाही, ते तोच सांगेल.